केरबा चावीवाल्याच्या छातीचा फोटो

मळवलीच्या रेल्वे गँगेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत. केरबा ओव्हाळला कामात चूक दाखवायची तर खुशाल दाखव, पण त्याला ‘बाद’ म्हणायचं झालं तर आधी घरी सांगून ये. माणूस तापट होता, खोटं कशाला बोला! पण याच शब्दावर तो का पेटायचा, त्याला कारण होतं. त्याचा बाप भाजे गावची मेलेली ढोरं ओढता ओढता गेला. गावाला नको ती सगळी कामं बापाच्या हाताला चालायची, आणि त्याच गावच्या पाणवठ्यावर तेच हात बाद. पोरगा हे बघत वाढला. चव्वेचाळीस साली लढाईच्या दिवसांत रेल्वेला माणसं हवी होती. चोविसाव्या वर्षी हा पठ्ठ्या गँगेत भरती झाला. पुढं छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आला, तेव्हा बायकोला, भामाबाईला म्हणाला, “आजपास्नं आपल्याला कुनी बाद म्हनायचं न्हाई. अन् आपन बी म्हनून घ्यायचं न्हाई.”

पहिली अकरा वर्षं त्यानं पहार मारली. रूळ उचलायचे, रुळांखालचे स्लीपर सरकवायचे, खडी ठोकायची. मग तो चावीवाला झाला. रूळ ज्या लोखंडी पाचरीनं जागच्या जागी घट्ट बसतो तिला म्हणायचं चावी. रोज सकाळी मळवलीहून कामशेतच्या अंगाला चार मैल जायचं, चार मैल परत यायचं, खांद्यावर हातोडा, काखेत लाल-हिरवी निशाणं. ढिली चावी दिसली की ठोकायची, आणि काही मोठं दिसलं की वहीत लिहायचं. एकदा त्यानं लाल निशाण दाखवून मेल गाडी उभी केली. पहिल्या वर्गाच्या डब्यातनं एक साहेब उतरला, रागानं नुसता लालबुंद. केरबा म्हणाला, “सायेब, मला मागनं बगा. आदी रूळ बगा.” रुळाला बोटभर चीर होती. साहेब मुकाट्यानं डब्यात चढला.

तर असा हा माणूस सहासष्टच्या फेब्रुवारीत, शेहेचाळिसाव्या वर्षी, इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे मटकन खाली बसला. छातीवर रूळ ठेवावा तसं ओझं, डावा हात बधिर, अंगाला दरदरून घाम. त्याला वाटलं पित्त झालं. निवृत्ती मुकादम गँग घेऊन पोचला तेव्हा केरबा पांढराफटक पडला होता, पण तोंड चालूच होतं. “फुडच्या तीन चाव्या राहिल्यात, आदी त्या ठोका.”

“गप पड रं मुडद्या!” निवृत्ती ओरडला. त्यानं केरबाला ट्रॉलीवर आडवा घातला आणि चौघांनी ती ढकलत थेट लोणावळ्याचा दवाखाना गाठला. तिथून पुण्याच्या मोठ्या इस्पितळात. हृदयाचा झटका होता. सहा आठवडे खाटेवरून पाय खाली टेकवू दिला नाही. चावीवाल्याला सहा आठवडे झोपवून ठेवणं म्हणजे काय, ते त्या वॉर्डातल्या नर्सबायांनाच विचारा.

सातव्या आठवड्यात त्याच्या छातीचा फोटो काढायचा ठरला. झटक्यानं हृदयाचं किती नुकसान झालंय, ते पसरलंय का, हे त्यात कळणार होतं. कामावर घ्यायचं की नाही हे ठरवणारा डॉक्टरी बोर्ड तोच फोटो बघणार होता. म्हणजे केरबाची चार मैलांची लाईन आता त्या एका काळ्या कागदावर टांगलेली.

फोटो काढणारा श्रीपती हा भला माणूस होता, पण घाईत. त्यानं केरबाला उघडा करून एका थंडगार पत्र्याला छाती लावून उभं केलं. “हात कमरेवर. खांदे पुढं रेटा. आणखी रेटा. आता पोटभर श्वास घ्या, रोखा, हलू नका!” एवढं म्हणून तो लाकडी आडोशामागं गेला. केरबानं श्वास घेतला. खांदे रेटले, पाय रोवले, दात आवळले. तोंडातून एक बारीक ‘हं’ बाहेर पडला आणि तो दगडासारखा उभा राहिला. यंत्र खटकन वाजलं. झालं.

सदऱ्याची बटणं लावताना त्याच्या कानावर श्रीपतीचं पुढचं बोलणं पडलं. पत्र्यापुढं आता एक गलेलठ्ठ दुकानदार उभा होता. “शेठ, हवा सोडू नका हं. काल एकानं सोडली, फोटो फुकट गेला. हृदय हे एवढं रुंद दिसतं मग.” केरबानं ते ऐकलं आणि विसरून गेला. शेठचं काय व्हायचं ते होवो!

दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला. “हृदय पसरलंय, बाबा. फोटो वाचणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचंही मत तेच. छातीच्या निम्म्या रुंदीहून जास्त जागा खातंय. मेलेल्या स्नायूमुळं ते सैल पडलं. हे बघा.” केरबानं बघितलं. पांढऱ्या बरगड्यांमध्ये एक पांढरं गाठोडं आडवं पडलेलं होतं.

“म्हंजी?”

“म्हणजे आता कष्टाचं काम बंद. मी तसं लिहून देतो. पंधरा दिवसांनी बोर्ड आहे, ते तुम्हाला बाद करतील. घरी बसा, आराम करा.”

डॉक्टरला बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. केरबानं त्याला असं काही सुनावलं की शेजारच्या वॉर्डातले पेशंट उठून दारात आले.

पण सुनावून काय होतं? घरी आला, ओट्यावर बसला. भामाबाईला मनातून उलट बरं वाटलं होतं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की आता. जीव हाय तर समदं हाय.” केरबा म्हणाला, “नुस्ता जीव घिऊन करू काय? कोंबडीला बी असतोय.” घरापासून लाईन ढेकूळ फेकावं एवढ्या अंतरावर. गाडी गेली की हा कान टवकारायचा. कुठली चावी वाजतेय, कुठला सांधा आपटतोय, सगळं ऐकू यायचं, आणि ठोकायला जाता यायचं नाही. दुसऱ्याच कुणाला तरी त्याच्या लाईनीवर घातलं होतं. तो पोक्त माणूस होता, काम नेटकं करायचा. केरबानं तरी त्याला मनातल्या मनात रोज शंभर शिव्या दिल्या.

आठव्या दिवशी गँग घराशेजारी रूळ बदलायला आली. केरबा बांधावर जाऊन बसला. आठ गडी रुळाला भिडले. निवृत्तीनं खड्या आवाजात हाळी दिली. गड्यांनी पाय रोवले, खांदे पुढं काढले, आणि हाळीच्या शेवटाला आठही तोंडांतून एकदम ‘हं’ निघाला. हवा बाहेर, पोट आत, कंबर ताठ, आणि रूळ उचलला गेला. गँगेत पहिल्याच महिन्यात हे शिकवतात. ओझं उचलताना छातीत हवा ठेवली की कंबर लचकते. म्हणून हवा सोडायची, मग पोट आवळायचं. दोन-चार वर्षांत अंगच ते करायला लागतं, माणसाला विचारत नाही.

“आयला!” केरबा ओरडला आणि बांधावरून उठला.

निवृत्ती घाबरला. “काय झालं रं? परत दुकाया लागलं?”

“दुकतंय कशाचं! मुकादम, म्या हवा सोडली! त्या पत्र्याम्होरं खांदं रेटलं, पाय रोवलं, अन् सोडली की हवा! त्यो शिरीपती शेटला सांगत व्हता, हवा सोडली की काळीज रुंद दिसतंय. फोटो फुकट जातोय. माजा फोटो फुकट गेलाय!”

निवृत्तीनं डोक्याचं मुंडासं काढून परत बांधलं. “आरं, पन ते डाक्टर हाईत.”

“डाक्टर असतील. त्यांनी पहार मारलीया का कदी?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो पुण्याला गेला. इस्पितळातल्या कारकुनानं वरही बघितलं नाही. फोटो एकदा निघालाय, पुन्हा निघत नाही, बोर्डापुढं काय ते सांगा. श्रीपतीला गाठलं, तर त्यानं हात झाडले. “मी ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणालो होतो की नाही? मग!” तो म्हणालाच होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण त्याला केरबाची थोडी कीव आली असावी, कारण जाता जाता त्यानं हळूच हनुवटीनं बाकाकडं खूण केली. “फोटो वाचतात त्या मोठ्या डॉक्टरीणबाई त्या. लाल चष्मा लावलेल्या. अर्धा तास हलायच्या नाहीत.”

बाकावर एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या, डोळ्यांना गडद लाल काचांचा जाडजूड चष्मा. भर दिवसा! त्याचं असं होतं की काळोख्या खोलीत एक हिरवट काच असायची. माणसाला तिच्यामागं उभं केलं की छातीतलं हृदय हलताना, आकसताना, फुगताना दिसायचं, फोटोसारखं गोठलेलं नाही. पण तो उजेड इतका मंद की आधी अर्धा तास लाल चष्मा लावून डोळे तयार करावे लागत. तेवढा वेळ बाईंना ना वाचता यायचं, ना लिहिता, ना बाहेर जाता. केरबा म्हणजे काय, त्यानं बरोबर शेजारीच बैठक मारली.

“बाई, माज्या छातीचा फोटो तुमी चुकीचा वाचला.”

लाल काचा त्याच्याकडं वळल्या. “काय म्हणालात?”

“म्हंजी चूक माजी हाय. पन बोर्ड बाद करनार मलाच. तवा ऐका.” आणि त्यानं सगळं सांगितलं. पहार, हाळी, कंबर, हवा. एवढंच नाही, तर भर बोळात उठून पाय रोवून, खांदे काढून ‘हं’ करूनही दाखवलं. रांगेतले लोक हसायला लागले. केरबा त्यांच्यावर खेकसला, “दात काय काडताय? तुमची बारी यिऊंद्या!”

बाई हसल्या नाहीत. “किती वर्षं ओझं उचलत होतात?”

“अकरा. मग चावीवाला.”

“आणि तुमचा दावा असा, की तुमचं हृदय ठणठणीत आहे?”

“तसं म्या कुटं म्हनलं? मला म्हाईत न्हाई. मी म्हन्तो, नीट बगा अन् मग बोला. वाईट असंल तर वाईट म्हना. पन न बगता बाद करायचं न्हाई.”

बाईंनी झग्याच्या खिशातून तसलाच दुसरा चष्मा काढला. “हा लावा. तुम्हीही बघा. नाहीतर उद्या पुन्हा येऊन म्हणाल, बाई चुकल्या.”

मग काय विचारता! अर्धा तास बाकावर दोघं लाल चष्मे लावून बसली. येणारा-जाणारा वळून वळून बघत होता. केरबानं बाईंना मावळातला भात कसा असतो ते सांगितलं आणि त्यांच्या इस्पितळातली डाळ कशी पातळ असते तेही सांगितलं.

काळोख्या खोलीत बाईंनी त्याला काचेमागं उभं केलं आणि त्याच्यापुढं एक आरसा तिरका धरायला श्रीपतीला सांगितलं. यंत्र घुमायला लागलं. आरशात हिरवट उजेड उमटला आणि त्यात काहीतरी काळं धडधडताना दिसलं. शेहेचाळीस वर्षं हे आत चालू होतं आणि केरबानं कधी तिकडं ढुंकून पाहिलं नव्हतं.

“उचला तुमचा रूळ,” बाई म्हणाल्या. केरबानं ‘हं’ केलं. पोट वर आलं, हृदय आडवं पडून पसरलं, फोटोतल्यासारखं गाठोडं झालं. “आता पोटभर श्वास घ्या. सोडू नका.” छाती उघडली, हृदय उभं राहिलं, अरुंद, आटोपशीर. छातीच्या निम्म्याहून पुष्कळ कमी. बाईंनी दोनदा तसंच करायला लावलं. “बरोबर आहे तुमचं. मी चुकीच्या फोटोवर मत दिलं. हृदय पसरलेलं नाही.”

“मंग? सांगत व्हतो की!” केरबा काचेमागूनच गरजला.

“थांबा. अजून झालं नाही. डाव्या कडेला खाली बघा. सगळी कड आत येते की नाही? आणि तो दोन बोटांचा तुकडा?”

केरबानं बघितलं. सगळं हृदय आकसत होतं, सुटत होतं, आणि तो तुकडा तेवढा जागच्या जागी. बाकीचं आत ओढलं जाई तेव्हा तो उलट किंचित बाहेर येई. केरबा बघत राहिला.

“तो मेला आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द मऊ केला नाही. “त्याच्या वाटणीचं काम बाकीचं हृदय करतंय. सपाटीवर चालाल, वर्षानुवर्षं चालाल कदाचित. पण ओझं उचललंत तर तो तुकडा फुगेल. कधी दगा देईल सांगता येत नाही.”

दिवा लागला. केरबा सदरा हातात घेऊन तसाच उभा. श्रीपती जमिनीकडं बघत होता. बाईंनी कागद ओढला. “हृदयाचा आकार चांगला, हे मी लिहिते. त्या तुकड्याचंही लिहावं लागेल. ते वाचून बोर्ड काय करेल, ते माझ्या हातात नाही.”

फुकट गेलेल्या फोटोसाठी भांडायला आलेला माणूस, त्याला आता खरं चित्र मिळालं होतं, आणि ते पुरतं त्याच्या बाजूचं नव्हतं. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता, बाई, तेवढं गाळा म्हणून.

“लिवा,” केरबा म्हणाला. “दोनी लिवा. बावीस वरसांत एक बी मोडकी चावी लपवून म्या गाडी सोडली न्हाई.”

बोर्डात तीन साहेब होते. मधल्यानं कागद वाचला, चष्मा वर केला. “ओव्हाळ, हृदयाचा एक भाग निकामी आहे, हे तुम्हाला माहीत आहे?”

“व्हय सायेब. ह्या डोळ्यांनी बगितलंय.”

“मग लाईन कशाला मागता? कचेरीत स्टुलावर बसा, पाणी द्या. आम्ही तशी सोय करतो.”

“सायेब, एक चावी गेली म्हनून तुमी लाईन बंद करत न्हाई. गाडी हळू चालवता अन् तितं रोज नजर ठेवता. मला बी तसंच चालवा. माजी लाईन सपाट हाय. ओझं उचलायचं न्हाई, कबूल. तीन म्हयन्यांनी परत काचेमागं उबं करा, कबूल. पन स्टुलावर बसायला मी मेलो न्हाई. मेलाय त्यो दोन बोटांचा तुकडा!”

साहेबांनी एकमेकांकडं बघितलं. बाहेर थांबा म्हणाले. तासाभरानं कागद मिळाला. लाईन परत, ओझं बंद, चढ बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोवर मुकादमानं लक्ष ठेवावं. एक नक्कल थेट मुकादमाला. केरबानं कागद तीनदा वाचला आणि नीट घडी करून खिशात ठेवला.

घरी आला तो छाती काढून. “बगितलंस भामे? काळीज पसरलेलं न्हाई! फोटोच चुकला व्हता! बाई म्हनली, ओव्हाळ, तुमीच खरं!” भामाबाईनं गुळाचा चहा केला, चार घरी सांगून आली. त्या मेलेल्या तुकड्याचं केरबा काही बोलला नाही. बाईमाणूस उगाच घाबरेल, असं त्यानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं.

सोमवारी साडेसहाला तो हातोडा घेऊन लाईनीवर चढला. पहिली चावी टणकन वाजली, दुसरी वाजली. फर्लांगभर गेला असेल, तोच मागून खडीवर पावलं वाजली. वळून बघतो तर भामाबाई! लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हातात भाकरीचं फडकं, वीस पावलांवर उभी.

“भामे? हितं काय करतीस?”

“चालतीया.”

“लाईनीवर चालायला मनाई हाय.”

“मंग द्या धरून.”

“लोकं हसतील मला!”

“हसू द्यात.”

“परत जा म्हन्तो ना!” त्याचा आवाज चढला. त्या आवाजाला साहेब वचकले होते. भामाबाई जागची हलली नाही.

“निवृत्तीभाऊंनी काल नळावर मला बोर्डाचा कागद वाचून दावला. त्यांना वाटलं मला म्हाईतच असंल. बोर्डाच्या तीन परक्या बाप्यांना तुमी दोन गोष्टी सांगितल्या. अन् माज्या वाटनीला एकच? मोडकी चावी कदी लपवली न्हाई म्हनं! मंग ही कुनापासनं लपवली?”

केरबानं हातोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“तू रडत बसली असतीस,” तो शेवटी म्हणाला.

“रडले की. काल दिसभर रडले. आता झालं रडून.” तिनं फडकं काखेत मारलं. “तीन म्हयनं रोज येनार. अन् तितं पुन्याला बी येनार, त्या काचेम्होरं. तुमचं काळीज काय तुमच्या एकट्याचं हाय व्हय?”

लांबून लोणावळ्याकडच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. दोघं रुळाच्या दोन बाजूंना उतरून उभी राहिली. गाडी मधून धडधडत गेली, शेवटचा डबा सरला, धूळ बसली. पलीकडं ती उभीच होती. केरबा तिच्याकडं बघतच राहिला.

“माज्याकडं काय बगताय?” भामाबाई म्हणाली. “चाव्या बगा.”